विरघळणारी जाळी

माझी दाढ दुखतेय, असंच मी त्या दिवशी सगळ्यांना सांगत होते. डॉक्टरांनासुद्धा.

डिंभ्याला माझी थोरली बहीण राहते. तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी निघाले होते. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली होती. मी डिंगोऱ्याला माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. घोडेगावच्या स्टँडवर डिंभ्याची गाडी येते येते म्हणता आलीच नाही, तेव्हा मी जीपमध्ये बसले. जीपवाल्याने फाट्यावर उतरवलं. तिथून ताईच्या वस्तीपर्यंत चढ आहे. हातात पिशवी होती, तीत पेढे आणि भाचीसाठी साडी. चढाच्या मध्यावर खालची दाढ ठणकू लागली. ठणका कानापर्यंत गेला, मग डावा हात भरून आला. पिशवीने आला असेल म्हणून पिशवी उजव्या हातात घेतली, तरी हात तसाच जड. मग घाम सुटला, गार घाम, आणि मी रस्त्याच्या मोरीवर बसले.

धरणाचं पाणी लांब खाली गेलं होतं. मासे विकून परत निघालेली एक बाई रिकामी पाटी काखेत धरून येत होती. माझ्यासमोर थांबली.

"काय झालं ओ ताई?"

"काही नाही. दाढ दुखतेय."

"दाढंनं येवढा घाम येतो व्हय?" तिने पाटी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावला. हाताला माशाचा वास होता. "माज्या सासऱ्याला असंच झालं व्हतं. आमी बसलो बाम चोळत."

पुढे सासऱ्याचं काय झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक टेम्पो आला तो तिने हात आडवे करून थांबवला. "बाईमाणूस हाय, पुढं बसवा," असं म्हणून मला वर चढवलं आणि आपण मागे हौद्यात बसून घोडेगावच्या दवाखान्यापर्यंत आली. तिथे कोणीतरी मला खुर्चीवर बसवलं, आणि मी वळून पाहिलं तेव्हा ती निघून गेली होती. पुढे ताईने तिला शोधून काढलं, साडी नेऊन दिली. ती म्हणाली, "त्यात काय, रस्त्यावर व्हती म्हून थांबले."

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, कागद बाहेर आला. तरुण डॉक्टर कागद बघत होता आणि मी त्याला दाढेचं सांगत होते. त्याने एक गोळी जिभेखाली ठेवायला दिली आणि विचारलं, "घरचं कोण आहे बरोबर?" तेव्हा मला कळलं. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. त्याच्या एका बुटाची नाडी सुटली होती.

माझे मिस्टर टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेले होते. आमची स्वतःची पिकअप आहे. ते क्रेट कोणाच्या तरी हवाली करून निघाले, तोवर मला अँब्युलन्सने पुण्याला हलवलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात ते माझ्या कॉटपाशी आले तेव्हा त्यांच्या बोटांवर टोमॅटोच्या झाडांचा हिरवट-काळा राप तसाच होता. तो साबणाने जात नाही. त्यांनी माझा हात धरला आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, क्रेट कुणाकडं दिले?"

दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून माझ्या नसांचे फोटो काढले. डॉक्टर पन्नाशीचे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी मिस्टरांना आत बोलावलं आणि आम्हा दोघांना सांगितलं, "अटॅक लहान होता, हृदयाचं फार नुकसान नाही. एकाच नसेत ब्लॉक आहे, आखूड आहे. तिथे स्टेंट बसवावा लागेल. जाळी म्हणतात ना, ती."

जाळी मला माहीत होती. माझ्या वडिलांच्या छातीत एक होती. दादा आण्याला राहायचे, पठारावर, एकटे. वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची जाळी धातूची होती आणि तिच्याबद्दल ते एखाद्या जुन्या भाडेकरूसारखे बोलायचे. "हाय आतमदी. पडून ऱ्हाती. काय तरास न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "धातूची बसवता येईल. पण तुमचं वय कमी आहे, नस चांगली रुंद आहे, चुना साचलेला नाही. अशा ठिकाणी विरघळणारी जाळीसुद्धा चालते. ती नस उघडी धरून ठेवते, आतून औषध सोडते. नस भरून आली की तिचं काम संपतं. मग ती हळूहळू विरते. दोन-तीन वर्षांत जाते."

"जाती म्हंजी कुठं जाती?" मिस्टरांनी विचारलं.

"ती एका प्रकारच्या प्लास्टिकची असते. दही आंबट होताना जे आम्ल तयार होतं ना, त्या आम्लापासून बनवलेलं. शरीरात तिचं परत तेच आम्ल होतं, मग पाणी आणि वायू. वायू श्वासातून बाहेर पडतो."

मिस्टर माझ्याकडे बघू लागले, जणू मी आत्ताच काहीतरी बाहेर सोडलंय.

डॉक्टरांनी दुसरी बाजूही लपवली नाही. अशा जाळ्या पहिल्यांदा आल्या तेव्हा जाड होत्या, काही जणांच्या नसेत नंतर गुठळ्या झाल्या, म्हणून त्या मागे पडल्या. आता पातळ निघाल्या आहेत. तरी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. "धातूची जाळी जुनी, पारखलेली आहे. हिचा फायदा असा, की नस पुढे मोकळी राहते, आत काही कायमचं राहत नाही. दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही ठरवा."

मिस्टर म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. दोन साड्या समोर टाकल्या आहेत आणि दोन्ही आपल्याला नेसायच्या नाहीत, तसं ते होतं. मी म्हटलं, "विरघळणारी."

का म्हटलं, ते आजही नीट सांगता येणार नाही.

त्या खोलीत फार गारठा होता. अंगावर हिरवं कापड, बाजूला काळा पडदा, आणि पडद्यावर माझ्या नसा. डॉक्टर म्हणाले, "आता छातीत थोडं दाबल्यासारखं वाटेल, फुगा फुगवतोय." दाबल्यासारखं वाटलं. सैल झालं. पुन्हा दाबलं. ही जाळी सावकाश उघडावी लागते, घाई केली तर तडकते, असं ते हाताखालच्या डॉक्टरला सांगत होते. मग पडद्यावर, जिथे नसेची रेघ तुटलेली दिसत होती तिथून, ती पुढे धावली. "बघा," डॉक्टर म्हणाले, "झालं." त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. मी "हो" म्हटलं. आता काहीतरी वाटेल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. नारळ, सफरचंद, बिस्किटांचे पुडे. प्रत्येकाकडे हृदयाची एक गोष्ट असायची आणि तिच्या शेवटी कोणीतरी मेलेलं असायचं. मी चहा ठेवायला उठले की सगळे एकदम ओरडायचे, "बसा बसा, बाई!" मी बसायचे. माझ्याबद्दलच चाललेलं बोलणं शेजारच्या घरातून यावं तसं ऐकू यायचं.

दादा आण्याहून आले. एसटीने आळेफाट्यापर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीने. पाठीवर मटकीची पिशवी. आल्या आल्या माझ्यासमोर पाट ओढून बसले आणि मला नीट न्याहाळलं.

"माजी धातूची अन् तुजी दह्याची, आसं म्हनत्यात जावईबापू."

"तसंच काहीसं."

"अन् ती इरघळल्यावर नस धरायची कुनी?"

"नसेनंच, दादा. तोवर ती भरून येते."

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. "आमच्या कामात काढायचा टेकू आमी कदी लावला न्हाई. लावला की लावला." मग म्हणाले, "तू रडलीस का गं?"

"नाही."

"मी लई रडलो व्हतो. जाळी बसवून आलो त्या दिशी. तुजी आई म्हनली, गप ऱ्हावा, लोक ऐकत्याल." ते हसले. "रडून घे, बाय. बरं आसतं."

मी हो म्हटलं. पण रडू ही काही ठरवून आणायची गोष्ट नाही.

शाळा सुरू झाली. मी वर्गात उभी राहून धडा शिकवायचे, मुलं हसायच्या जागी हसायची, मी खडू घेऊन फळ्याकडे वळायचे. कोणी म्हणालं नसतं की बाईंचं काही बिनसलंय. घरातली सगळी कामं मिस्टरांनी आपल्याकडे ओढून घेतली. पाण्याची कळशी मला उचलू देईनात. गोळ्यांची डबी त्यांच्या खिशात असायची. जेवण झालं की तळहातावर दोन गोळ्या पुढे यायच्या. हे सगळं ते किती मायेने करतात ते मला दिसत होतं. पावतीवरचा आकडा दिसावा तसं दिसत होतं. त्यामुळे मला त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटेना.

तपासणीला गेल्यावर मी एकदा डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पुष्कळांचं असं होतं. हृदयाला धक्का बसला की मन काही काळ दार लावून घेतं. कोणाशी तरी बोलायला हवं," आणि त्यांनी एका बाईंचा पत्ता दिला. मी गेले. त्या चांगल्या होत्या. मी त्यांच्याशी वर्गात बोलावं तसं स्वच्छ, मुद्देसूद बोलले. त्या म्हणाल्या, "तुम्ही हे कोणा दुसरीची हकीकत सांगितल्यासारखं सांगताय." मी म्हटलं, "हो, तोच तर त्रास आहे." त्या हसल्या, मीही हसले. नंतर काही महिने जात राहिले. फरक पडला असेल तर मला कळला नाही.

मधल्या एका थंडीत दादा गेले. आण्याच्या स्टँडवरच्या शेडमध्ये दुपारी आळेफाट्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. गाडी आली, कंडक्टरने हाक मारली, ते उठले नाहीत. एवढंच. दवाखान्यात न्यायचं कारणच उरलं नव्हतं.

आमच्यात बायकाही स्मशानात जातात. ताईने अग्नी दिला. तिचा आवाज रडून बसला होता. मी तिच्या मागे तिचा पदर सावरत उभी होते. वस्तीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या; एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरीला म्हणाली, "हिला रडू द्या न्हाई तर छातीवर येईल." हिच्या छातीला जपा, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. भंतेजींनी वंदना म्हटली. मडक्यात राख भरताना माझ्या लक्षात आलं की मी बोटांनी राख चाळतेय. एका जागी, मग दुसऱ्या. छातीची जागा साधारण कुठे असेल त्या अंदाजाने.

मिस्टर माझ्याशेजारी उकिडवे बसले. हळू आवाजात म्हणाले, "काय शोधती?"

"दादांची जाळी."

मला वाटलं, आता हात धरून उठवतील. पण त्यांनी बाह्या वर केल्या आणि माझ्याबरोबर शोधायला लागले. ताई बघत राहिली. ती नखाएवढी वस्तू, जाळातून राहिली असेल तर. आम्हाला नाही सापडली. चष्म्याची एक वाकलेली काडी मिळाली, ती आम्ही तिथेच राहू दिली. राख दादांच्या शेताच्या बांधावर खड्ड्यात घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. परतताना पिकअपमध्ये मी मिस्टरांना विचारलं, "उद्या मार्केटला जाणार का?" ते म्हणाले, "न्हाई." मग गिअर बदलत, "तू ठीक हाय ना?" मी ठीक होते. तीच तर गोष्ट होती.

पुढे पुण्याला पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. धातूची जाळी असली तर तिच्या चमकेने नसेच्या आतलं नीट दिसत नाही म्हणे. माझी जाळी गेलेली होती, त्यामुळे सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे फिरवला.

"ही नस. पूर्ण मोकळी. जाळी कुठे होती सांगा बरं?"

आम्हाला सांगता येईना. त्यांनी पेनाने दोन बारीक ठिपके दाखवले, थोड्या अंतरावर. "इथून इथपर्यंत. जाळी बसवताना पडद्यावर दिसावी म्हणून दोन टोकांना धातूच्या खुणा लावलेल्या असतात. तेवढ्या राहतात. बाकी गेलं."

"ठिपक्यांचा तरास?" मिस्टरांनी विचारलं.

"काही नाही. आता दोनपैकी एकच गोळी चालू ठेवा. चाला, फिरा, कामं करा."

बाहेर येताच मिस्टरांनी फोन लावायला सुरुवात केली. ताईला, आपल्या भावाला, मार्केटमधल्या आडत्याला. "इरघळली! समदी गेली! आता बाई पैल्यासारखी!" गाडी खेडच्या पुढे आली तरी ते ब्लूटूथवर बोलतच होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते. फोन संपल्यावर मी सहज म्हटलं, "येत्या रविवारी आण्याला जाऊन दादांचं घर उघडून येते. बंद आहे तेव्हापासून."

"तू नको. मी जाऊन येतो. लई धूळ आसंल, उंदरं आसतील. तुला सोसायचं न्हाई."

"डॉक्टर आत्ताच काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हनू दे. आन् चावी माज्याकडंच हाय."

मला आधी काय होतंय ते कळलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या. मी डावा हात दाबून पाहिला. मला वाटलं, परत अटॅक येतोय. मग माझा आवाज मला ऐकू आला, गाडीच्या काचा बंद असल्यामुळे केवढा तरी मोठा.

"माझ्या बापाच्या घराची चावी तुमच्या खिशात कशाला? कळशी तुमच्याकडं, गोळ्या तुमच्याकडं, चावी तुमच्याकडं! मी आहे कुठं मग? भिंतीवर टांगलेय का मी?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. मंचर अजून यायचं होतं. बाजूला मेथीचं शेत होतं. तेही भडकले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं रस्त्यावर कधी भांडलो नव्हतो.

"तू मागितली का चावी? एकदा तरी? तू काय मागतीच न्हाईस! तीन वरीस झाली, तू हसत न्हाईस, रडत न्हाईस, भाजी खारट झाली तरी बोलत न्हाईस! मी कुनाशी बोलायचं? गाडीशी?"

"मग बोलायचं होतं!"

"कसं बोलू? तुला काय झालं आसतं तर?"

"मला हे असं झालं, ते बरं होतं का?"

मी दार उघडून खाली उतरले आणि मेथीच्या बांधावर उभी राहिले. मला राग आला होता. दादांचाही आला होता, असे शेडमध्ये बसल्या बसल्या कोणाला न सांगता निघून गेले म्हणून. त्या मासेवाल्या बाईचाही आला, का ते कळत नव्हतं. शेतातली बाई खुरपं थांबवून आमच्याकडे बघत होती. तिचाही आला. इतक्या दिवसांनी आलेला राग होता, कोणावर काढावा ते त्याला समजत नव्हतं.

मिस्टर उतरून माझ्याजवळ आले. त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, त्यातून दादांची चावी काढायला लागले. कडी घट्ट होती, निघेना. नखाने ओढून ओढून शेवटी म्हणाले, "घरी गेल्यावर पकडीनं काढतो." मी म्हटलं, "काढा." आणि आम्ही गाडीत बसलो.

त्या रविवारी मी एकटीच आण्याला गेले. घरात खरंच धूळ होती, उंदरांनी गोधडी कुरतडली होती. पंचशील ध्वजाचा रंग उडाला होता. मी झाडून काढलं, दादांचे टेस्टर आणि पकडी एका डब्यात भरून ठेवल्या, भांडी घासून पालथी घातली. तिथे रडू येईल असं मला वाटलं होतं, वस्तीतल्या बायकांनाही वाटलं असावं, कारण एक जण दोनदा दारातून डोकावून गेली. रडू आलं नाही. मात्र गोधडी उचलताना मी उंदरांना मोठ्याने शिव्या दिल्या, चांगल्या सणसणीत, दादांच्या तोंडच्या.

अजूनही काही दिवस तसेच येतात, सपाट, आवाज नसलेले. येतात आणि जातात. मिस्टर आता विचारतात, "आज कसं?" मी खरं ते सांगते: "आज काही नाही," किंवा "आज डोकं फिरलंय, लांब राहा." ते लांब राहतात, पण फार लांब नाही. दादांचं घर अजून कोणाला दिलेलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी जाते, दारं-खिडक्या उघडते, आंब्याला पाणी घालते. रोप एकदा शेळीने खाल्लं होतं. आता भोवती काटे लावलेत.